शीत नेमके कुठले उचलायचे?

शितावरून भाताची परीक्षा कशी करायची, हे आपल्या मायबहिणींना कुणी शिकवावे लागत नाही. झाकण बाजूला केले, एक शीत बोटांत दाबून पाहिले, की काम झाले. पण ही परीक्षा खरी ठरते ती पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजत असतो म्हणून. समजा, चूल एकाच अंगाने पेटली आहे; पातेल्याच्या एका बाजूचा भात मऊ झाला आहे आणि दुसऱ्या बाजूचा दाणा अजून कच्चा आहे. मग शीत कुठून उचलले यावरच सगळा निकाल. सरकार दरसाल आपल्या पिकांची परीक्षा अशीच थोडी शिते उचलून करते. तिच्यावर उत्पन्नाचे आकडे ठरतात, गावची पैसेवारी ठरते आणि पीकविम्याची भरपाईही ठरते. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोगातले उत्पन्न हाच राहिला. तेव्हा हे शीत कुठले उचलले जाते, हे घरातल्या सगळ्यांनीच समजून घ्यावे असा हा विषय आहे. या कामात अलीकडे उपग्रहाच्या चित्राचा उपयोग होऊ लागला आहे, त्याची ही हकीकत.

निमोण्याचेच उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडचा हा भाग पर्जन्यछायेतला. ढग येतात, सावली देतात आणि पुढे निघून जातात. पण जवळच चिंचणीला घोड नदीवर धरण आहे. खेड तालुक्यातल्या चासकमान धरणाचा कालवाही शिरूर तालुक्यात आला. जिथे पाणी पोचले तिथे ऊस, कांदा, गहू, जनावरांना घास. जिथे पोचले नाही त्या मुरमाड माळावर बाजरी, मटकी, हुलगा आणि परतीचा पाऊस पावला तर ज्वारी. बांधावर उभे राहून एका अंगाला पाहिले तर डोळे निवतात आणि दुसऱ्या अंगाला पाहिले तर उसासा सुटतो. दोन्ही रानांची बाजरी सरकारी तक्त्यात मात्र एकाच रकान्यात बसते.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या मंडळाचे नाहीत. एका महसूल मंडळात १००० हेक्टर बाजरी आहे. त्यांतली २०० हेक्टर पाण्याखालची, तिला हेक्टरी २० क्विंटल उतारा पडला. उरलेली ८०० हेक्टर जिरायत, तिला ६ क्विंटलच. सगळ्या मंडळाची खरी सरासरी किती? पाण्याखालचे ४००० क्विंटल आणि जिरायतीचे ४८०० मिळून ८८०० क्विंटल. म्हणजे हेक्टरी ८.८. विम्याच्या नियमाप्रमाणे मंडळात एका मुख्य पिकाचे किमान दहा प्रयोग घ्यावे लागतात. या दहांपैकी पाच योगायोगाने कालव्याकाठी पडले तर सरासरी येते १३. उंबरठा उत्पन्न १० क्विंटल धरले, तर खऱ्या सरासरीने १२ टक्के घट निघते आणि तेवढी भरपाई सगळ्यांना मिळायला हवी. १३ च्या सरासरीने एक पैसाही मिळत नाही. कुणी लबाडी केली नाही, वजनात मारले नाही, कागद खोटा केला नाही. शिते तेवढी पातेल्याच्या शिजलेल्या बाजूची आली. माळावरच्या आठशे हेक्टरवाल्यांनी मग कुणाच्या नावाने बोटे मोडायची?

यावरचा उपाय सोपा आहे आणि घरातही आपण तोच करतो. धान्याच्या राशी वेगवेगळ्या असतील तर एकाच मापाने मोजून चालत नाही. आधी रास वेगळी करायची, मग प्रत्येकीतून मूठ घ्यायची. बागायत बाजरी किती आणि जिरायत किती हे आधीच ठाऊक असेल, तर दहांपैकी दोन प्रयोग बागायतीत आणि आठ जिरायतीत घ्यावेत. किंवा कसेही घेतले तरी सरासरी काढताना प्रत्येक राशीला तिच्या क्षेत्राइतकेच वजन द्यावे. वरच्या उदाहरणात मग उत्तर बरोबर ८.८ येते. संख्याशास्त्रात याला स्तर पाडणे म्हणतात. अडचण एवढीच की कुठल्या स्तरात किती जमीन आहे, हे आधी कळले पाहिजे. आजवर ते तलाठ्याच्या पीक पाहणीवरून कळत असे, आणि पीक पाहणी कधी चावडीत बसून होत असे हे आपण सगळे जाणतो.

जमीन न पाहता तिचा आकडा मांडण्याची किंमत पुणे जिल्ह्याने पूर्वी एकदा मोजली आहे. पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जिल्ह्याची मोजणी करून प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचा घाट घातला. कागदावर पद्धत फार शास्त्रीय होती. पण खालून आलेले आकडे खोटे आणि सारा जड. कुणब्यांनी जमिनी सोडल्या, रान ओस पडले. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी सुरुवात केली. जमिनीची खोली किती, रंग कोणता, दोष कोणते हे रानात जाऊन पाहायचे आणि आण्यांत प्रत लावायची. आपल्या सर्व्हे नंबरांची आणि आकाराची परंपरा तिथून चालत आली. ती आखणी आकारासाठी होती, आजची नुकसानभरपाईसाठी आहे. पण रानात जाऊन पाहण्याला तेव्हाही पर्याय सापडला नाही.

पीक कापणीचे शास्त्र तर आपल्या मुलखातल्या माणसाच्या हातून घडले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत देशभर बसवली. त्याआधी उताऱ्याचा अंदाज नजरेने आण्यांत सांगत. सुखात्म्यांनी सांगितले, चिठ्ठी टाकून शेत निवडा, चिठ्ठी टाकूनच शेतातली जागा निवडा आणि तेवढाच तुकडा कापून मळून तोला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हेही असेच काम करीत होते. ते लहान वर्तुळाचा तुकडा कापीत. यावरून दोघांत मोठा वाद झाला. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. ज्याने विळा हातात धरला आहे त्याला हे लगेच पटेल. त्यांनी धरलेला तुकडा ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद होता. आपली गुंठ्याची साखळी ३३ फुटांची. म्हणजे हा तुकडा बरोबर अर्ध्या गुंठ्याचा. आज आपण १० मीटर बाय ५ मीटर धरतो, तोही जवळजवळ अर्धा गुंठाच.

एक सोपे कोष्टक ध्यानात ठेवा. या अर्ध्या गुंठ्यात एक किलो दाणा निघाला तर हेक्टरी दोन क्विंटल. म्हणून तिथे मूठभर कणसे इकडची तिकडे झाली, तर हजारो हेक्टरांचा आकडा हलतो.

आता आकाशाकडे वळू. १९७२ साल आपल्याकडे कुणी विसरणार नाही. दुष्काळी कामावरची खडी, सुकडी आणि परदेशी लाल मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली ते अजून आठवण काढतात. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने जमिनीची चित्रे घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. आणि त्याच वर्षी रशियाचे गव्हाचे पीक बुडाले. त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेकडून मोठी धान्यखरेदी केली आणि जगाच्या बाजारात भाव भडकले. दुसऱ्याच्या शिवारात काय पिकले हे वेळेवर कळले नाही, तर आपल्या ताटावर परिणाम होतो, हे मोठमोठ्या सरकारांच्या ध्यानात आले. १९७४ पासून अमेरिकेने उपग्रहाच्या चित्रांवरून जगातल्या गव्हाचा अंदाज घ्यायचा मोठा प्रयोग केला आणि १९७७ मध्ये रशियाच्या पिकातली घट तिकडून जाहीर होण्यापूर्वी ओळखली. पुढे त्यांच्या शेती खात्याने ही चित्रे पाहणीच्या आखणीलाही लावली. कुठे दाट लागवड, कुठे विरळ, कुठे गवताळ रान हे चित्रावरून पाडायचे, प्रत्येक भागातून साधारण एकेक चौरस मैलाचे तुकडे चिठ्ठीने निवडायचे आणि मग पाहणी करणारा माणूस त्या तुकड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात जायचा. एवढे पुढारलेले राष्ट्र, पण दारात माणूस जायचा राहिला नाही.

आपल्याकडे याची सुरुवात नारळापासून झाली. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर चित्रे घेऊन नारळाचा मूळकूज रोग हुडकला. नंतर १७ मार्च १९८८ रोजी नियमित वापराचा आपला पहिला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, सोडण्यात आला. महाराष्ट्राचे सुदूर संवेदन केंद्र नागपूरला त्याच वर्षी स्थापन झाले. दिल्लीतल्या पीक अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्राला २०१२ मध्ये महालनोबिसांचे नाव मिळाले. सुखात्म्यांचे नाव कुठे दिले असते तर आम्हा मराठी मंडळींना बरे वाटले असते, पण ते असो.

उपग्रहाला नेमके काय दिसते? तो फोटोग्राफरसारखा चेहरा टिपत नाही. जमिनीचे चौकोनी ठिपके पाडून प्रत्येक ठिपक्यावरून किती उजेड परत आला एवढे मोजतो. पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटरचा होता. म्हणजे दीड एकराहून मोठा. आपल्या चार भावांच्या वाटणीची जमीन त्या एका ठिपक्यात मावायची. आयआरएस-१ए चा मोठा ठिपका साधारण सव्वा एकराचा आणि लहान ठिपका तेरा गुंठ्यांचा. आता युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह १० मीटरचा ठिपका देतात आणि पाच दिवसांनी त्याच जागेवर परत येतात. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद म्हणजे अगदी आपला एक गुंठा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दीड एकरावरून एक गुंठ्यावर नजर आली.

हिरवे पान तांबडा उजेड खाऊन टाकते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड मात्र परत फेकते. पीक जोमात असले की पहिला कमी आणि दुसरा जास्त परततो. पीक सुकू लागले की फरक कमी होत जातो. या फरकावरून हिरवेपणाचा आकडा काढतात. चित्र छापताना त्या न दिसणाऱ्या उजेडाला लाल रंग देण्याची रीत आहे, त्यामुळे उत्तम पीक लालभडक दिसते. नोकरीत नवा असताना मी असे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा नदीकाठचा सगळा लाल पट्टा जळून गेला आहे अशीच माझी समजूत झाली होती. साहेब हसले. तो ऊस होता.

एका चित्रावरून पीक ओळखू येत नाही, हेही सांगायला हवे. ऑगस्टमध्ये बाजरीही हिरवी आणि ऊसही हिरवा. ओळख पटते ती कालांतराने. बाजरी जून-जुलैत पेरली की सप्टेंबर-ऑक्टोबरला रान मोकळे होते. आडसाली ऊस दीड वर्ष हिरवाच. गहू नोव्हेंबरात येतो आणि मार्चपर्यंत पिवळा होतो. एकाच ठिपक्याची वर्षभराची चित्रे ओळीने लावली, की त्याचा हिरवेपणा कधी चढला, कधी उतरला हे दिसते. माळावरच्या बाजरीचा चढ ठेंगणा आणि पाण्याखालच्या बाजरीचा उंच, हेही त्यात दिसते. इथेच आपले बागायत आणि जिरायतीचे स्तर पडतात. खरिपात ढग आडवे येतात ही मोठी अडचण होती. त्यासाठी रडारचे उपग्रह आहेत. ते स्वतःच लहरी सोडतात आणि ढगांतून, रात्रीसुद्धा, जमीन पाहतात. आपला रिसॅट-१ हा २०१२ मध्ये आणि ईओएस-०४ हा २०२२ मध्ये गेला.

दुष्काळ ठरवतानाही हिरवेपणाचे आकडे आता पाहिले जातात. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेत ते धरले आहेत. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत शिरूर आणि दौंड होते. इथेही स्तर पाडण्याचे महत्त्व तेच. उसाला दुष्काळी वर्षातही धरणाचे नाही तर विहिरीचे पाणी मिळते, तो हिरवा राहतो. ऊस बाजूला न काढता तालुक्याची सरसकट सरासरी काढली, तर तो उसाचा पट्टा माळावरच्या जळालेल्या बाजरीची साक्ष खोडून काढील.

पण चित्र चुकतही नाही असे कुणी समजू नये. वेड्या बाभळीचे दाट बन वरून फळबागेसारखे दिसते आणि मुरमावरची नवी डाळिंबाची बाग मोकळ्या रानासारखी. घासाचा वाफा वर्षभर हिरवा, म्हणून उसात गणला जातो. धरणाचे पाणी मागे हटल्यावर गाळात केलेली पेर चित्राला गोंधळात टाकते, कारण दोन महिन्यांपूर्वी तिथे पाणी होते. बाजरीत तुरीची पाटी असली तर एका ठिपक्यात दोन पिके. बांधावरचा ठिपका अर्धा तुमचा, अर्धा शेजाऱ्याचा. म्हणून नकाशा करणाऱ्यांना आधी काही शेते प्रत्यक्ष पाहून नोंदवावी लागतात, त्यावरून यंत्राला ओळख शिकवावी लागते, आणि नकाशा झाल्यावर न पाहिलेल्या दुसऱ्या शेतांवर जाऊन तो पडताळावा लागतो. ही पडताळणी ज्या नकाशाला झालेली नाही त्यावर माझा विश्वास नाही, मग तो कितीही रंगीत असो.

उतारा थेट उपग्रहावरून काढायचेही चालले आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नात अशा तंत्राने काढलेल्या आकड्याला ३० टक्के वजन दिले गेले. २०२४ च्या खरिपात सोयाबीन आले. चांगले आहे. पण उरलेल्या भागाला अर्धा गुंठाच, आणि तो तीस टक्क्यांचा आकडाही शेवटी कापणीच्याच उताऱ्यांवर घासून पाहावा लागतो. आपल्या बाजरीला तर अजून विळाच.

म्हणून त्या अर्ध्या गुंठ्याची राखण आपली आहे. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, गावाचे नाव सांगत नाही. चिठ्ठीत निघालेला गट ओढ्यापलीकडे होता, ओढ्याला पाणी होते, आणि बरोबरचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "कशाला चिखल तुडवता? हे सडकेचे शेत काय वाईट आहे?" सडकेचे शेत खरोखर वाईट नव्हते, तिथे विहीर होती. मी तेव्हा नवा होतो. मान हलवली. त्या वर्षी पलीकडच्या रानांचे काय झाले असेल हे पुढे बऱ्याचदा मनात आले. ओढ्यापलीकडचे शेत निवडले तर ओढ्यापलीकडेच गेले पाहिजे, एवढे मी त्यानंतर पाळले.

तुम्ही काय करू शकता? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर, रानात उभे राहून, फोटोसह करायची आहे. ती मुदतीत करा आणि खरी करा. जलसिंचनाचे साधन नसेल तर तसेच लिहा. विहीर कोरडी पडली असताना सवयीने बागायत लिहू नका. आंतरपीक असेल तर दोन्ही पिके नोंदवा. घरातल्या कारभारणीला किंवा शाळा शिकलेल्या मुलीला हे काम दिले तर ते जास्त नेटके होते असा माझा अनुभव आहे. या नोंदीतूनच कुठले शेत निवडीच्या चिठ्ठीत जायचे ते ठरते आणि नकाशावाल्यांना पडताळ्याला आधार मिळतो. दुसरे असे, की कापणी प्रयोगाची यादी गावात विचारा. गावपातळीवर त्यासाठी समिती असते. तिच्या माणसांनी त्या दिवशी हजर राहावे. निवडलेला गट तोच आहे ना, कोपऱ्यापासूनची मोजणी चिठ्ठीच्या आकड्याप्रमाणे झाली ना, दोरी ताणून धरली ना आणि वजन सगळ्यांसमोर झाले ना, एवढे पाहा. हुज्जत नको. चूक दिसली तर कागदावर लिहून त्याच दिवशी द्या.

मागे निमोण्याच्या बाजूला असाच एक प्रयोग होता. जिरायत रान, कणसे बोटाएवढी. उपग्रहाची गोष्ट मी जमलेल्या मंडळींना सांगत होतो, तोवर बांधावर बसलेली त्या शेताची म्हातारी म्हणाली, "सायेब, वरनं समदं दिसतंय म्हंता. मंग ह्ये वाळल्यालं बी दिसलं आसंलच की."

"दिसलं असेल, आजी," मी म्हणालो. "पण किती भरलं ते इथंच कळणार."

दोरी ताणली. चार खुंट्या रोवल्या. तिच्या सुनेने आणि नातवाने कणसे खुडली, ताडपत्रीवर बडवली, म्हातारीने स्वतः सुपाने पाखडून दिली. काटा लावला, तीन किलोला थोडी कमी भरली. म्हातारीने वाकून काट्याकडे पाहिले, नातवाकडून आकडा दोनदा वाचून घेतला आणि मग म्हणाली, "लिवा."

मी लिहिले.